कधीच न भरणारी टाकी : सेप्टिक टँकचा इतिहास

१.
गेल्या वर्षी कोकणातील आमच्या घरामागे सेप्टिक टँकसाठी खड्डा खणला जात होता. खड्ड्याच्या काठावर उभे राहून गवंड्याने माझ्या काकांना छातीठोकपणे सांगितले, "ही टाकी कधी भरूची नाय." काकांना ते वाक्य फार आवडले. मला मात्र ते पूर्वी कुठेतरी वाचल्यासारखे वाटत राहिले. दोन दिवसांनी आठवले. जवळजवळ हेच आश्वासन फ्रान्समधील एका माणसाने १८८१ साली साऱ्या जगाला दिले होते. त्या आश्वासनाचा, आणि ते खोटे ठरल्यावरही टिकून राहिल्याचा, हा इतिहास. धागा लांब आहे. पण ज्यांच्या घरामागे अशी टाकी आहे, त्या प्रत्येकाशी त्याचा संबंध आहे.

२.
माणूस एका जागी वस्ती करून राहू लागला, तेव्हापासून मैल्याचा प्रश्न त्याच्या पाठीशी आहे. मोहेंजोदडोच्या गटारांचे कौतुक आपण शाळेत वाचतो. त्या गटारांच्या वाटेवर विटांनी बांधलेले छोटे हौद होते. पाणी पुढे वाहून जाई आणि जड गाळ हौदात बसे. पाठ्यपुस्तकातील चित्र इथे संपते. पण हौदात गाळ बसतो, याचा अर्थ तो कुणीतरी उपसत होते. त्या माणसाविषयी आपल्याला काहीही ठाऊक नाही. या धाग्यात तो माणूस पुन्हा पुन्हा भेटेल. प्रत्येक वेळी त्याचा देश वेगळा असेल. काम मात्र तेच.

३.
आपल्याकडील जुन्या वाड्यांत 'शेतखाना' असे. ('सेहतखाना' या शब्दाचे हे मराठी रूप.) खाली टोपली किंवा पाटी, मागच्या बाजूला छोटे दार, आणि त्या दाराशी पहाटे येणारा माणूस, अशी ती व्यवस्था. एकोणिसाव्या शतकातील मुंबईतही घरांच्या मागच्या अरुंद गल्ल्यांतून हेच चाले. हे काम करणाऱ्यांना पालिकेच्या कागदोपत्री 'हलालखोर' म्हणत. मुंबईच्या १८८८ च्या म्युनिसिपल कायद्यात तर 'हलालखोर कर' या नावाचा स्वतंत्र करच होता. घरमालक कर भरी, पालिका माणूस नेमी, आणि तो माणूस जन्माने ठरलेल्या जातींतून येई. मैला कुठे जातो, याचे उत्तर 'तो घेऊन जातो' एवढेच होते.

४.
युरोपही फार वेगळा नव्हता. पॅरिसमधील घरांच्या तळाशी मैल्याच्या विहिरी असत. त्या रात्री उपसल्या जात. उपसणाऱ्या कामगारांना एक विचित्र मरण ठाऊक होते. विहिरीत उतरलेला माणूस अचानक, आवाजही न करता कोसळे. जणू अंगावर शिशाचा गोळा आदळावा तसा. म्हणून कामगारांनी त्या मरणाला नावच दिले होते 'प्लों', म्हणजे शिसे. झाँ-नोएल हाल्ले या फ्रेंच वैद्याने १७८५ साली या विषारी वायूंवर स्वतंत्र प्रबंध प्रसिद्ध केला. हे साल लक्षात ठेवावे. इकडे सवाई माधवराव पेशवे गादीवर होते, तेव्हा मैल्याच्या बंद खड्ड्यातील वायू माणूस मारतो, ही गोष्ट छापून आलेली होती.

५.
आता आपल्या कथेचा नायक. पूर्व फ्रान्समध्ये व्हझूल नावाचे लहानसे गाव आहे. तेथील झाँ-लुई मुरास याने १८६० च्या सुमारास घरगुती सांडपाण्यासाठी एक बंद टाकी बांधली. टाकीत मैला येण्याचा पाईप आणि पाणी बाहेर जाण्याचा पाईप, दोन्ही त्याने पाण्याच्या पातळीखाली बुडवून ठेवले. त्यामुळे बाहेरची हवा आत जात नसे, आतला वास घरात येत नसे, आणि जेवढे पाणी आत येई तेवढेच दुसऱ्या टोकाने बाहेर पडे. काही वर्षांनी टाकी उघडून पाहिली तेव्हा अपेक्षेपेक्षा फारच कमी घट्ट मैला सापडला. उरलेला कुठे गेला?

६.
मुरासने १८८१ साली पेटंट घेतले. त्याला प्रचारकही जोरदार मिळाला. आबे मुआन्यो हे धर्मगुरू होते, आणि विज्ञान लोकांपर्यंत पोहोचवणाऱ्या एका नियतकालिकाचे संपादकही. त्यांनी या टाकीची मनापासून प्रशंसा केली. टाकीच्या आत काय घडते ते दिसावे म्हणून काचेच्या भिंतींची प्रयोगटाकी बनवली गेली. तिच्यात टाकलेले घट्ट पदार्थ हळूहळू विरघळताना पाहिले गेले. या शोधाला नाव मिळाले ते 'स्वयंचलित मैला-उपसणी' अशा अर्थाचे. मैला उपसणाऱ्या माणसाची गरजच उरली नाही, टाकी स्वतःच ते काम करते, हा त्या नावातील दावा. आमच्या गवंड्याने मुआन्योंचे नावही ऐकलेले नाही, पण दावा तोच होता.

७.
हे कसे घडते याचे खरे उत्तर मुरासजवळ नव्हते. ते त्याच दशकांत सूक्ष्मजीवशास्त्रातून येत होते. लुई पाश्चरने दाखवले होते की काही सूक्ष्मजीव हवेविना जगतात आणि त्यांच्यामुळेच आंबण्याची, कुजण्याची क्रिया होते. मुरासच्या पाण्याखाली बुडवलेल्या पाईपांनी नकळत याच जिवांना घर बांधून दिले होते. म्हणजे सेप्टिक टँक ही केवळ साठवणीची जागा नव्हे. ती हवेविना चालणारी एक भट्टी आहे. तिला इंधन लागत नाही, चालकही लागत नाही. मात्र भट्टी म्हटली की राख आलीच. या राखेचा विसर पडला, तिथूनच पुढचा सगळा घोटाळा सुरू झाला.

८.
'सेप्टिक टँक' हे नाव इंग्लंडमध्ये पडले. एक्झिटर शहराचे सर्व्हेयर डोनाल्ड कॅमेरॉन यांनी १८९५-९६ च्या सुमारास शहराच्या सांडपाण्यासाठी मोठी झाकलेली टाकी बांधली आणि तिला हे नाव दिले. ग्रीक भाषेतील मूळ शब्दाचा अर्थ 'कुजवणारे'. या नावातील धाडस आज आपल्या लक्षात येत नाही. जोसेफ लिस्टर यांनी १८६७ मध्ये शस्त्रक्रियेत जंतुनाशक पद्धत आणली होती आणि 'अँटिसेप्टिक' हा त्या पिढीचा परवलीचा शब्द होता. सगळे जग कुजण्याविरुद्ध लढत असताना कॅमेरॉन म्हणत होते, कुजू द्या; पण बंद जागेत, आपल्या मर्जीने.

९.
एक्झिटरच्या टाकीतून निघणारा वायू गोळा करून दिवे पेटवले गेले. घाणीतून उजेड निघतो, याचे लोकांना अप्रूप वाटणे साहजिकच होते. कॅमेरॉन यांच्या पेटंटाच्या जोरावर एका कंपनीने अमेरिकेतील गावांकडून मानधन मागण्यास सुरुवात केली. सॅराटोगा स्प्रिंग्ज, नॉक्सव्हिल अशा गावांशी खटले झाले. त्यांतील आयोवा राज्यातील नॉक्सव्हिलचा खटला थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९१३ साली निकाल लागला : ब्रिटिश पेटंटाची मुदत संपली, तेव्हाच अमेरिकन हक्कही संपला. निसर्गात आपोआप होणाऱ्या कुजण्यावर मालकी सांगण्याचा हा प्रयत्न पेटंटांच्या इतिहासात वाचण्यासारखा आहे.

१०.
मात्र खरा निकाल त्याआधीच, आणि न्यायालयाबाहेर लागला होता. ब्रिटनने सांडपाण्याच्या प्रश्नावर १८९८ साली रॉयल कमिशन नेमले. या कमिशनने टाक्यांची प्रत्यक्ष तपासणी करवून घेतली आणि १९०८ च्या अहवालात स्पष्ट मत नोंदवले : सेप्टिक टँकमध्ये सगळा घट्ट मैला पचत नाही. एक भाग पचतो, बराच गाळ म्हणून तळाशी उरतो, आणि तो काढावाच लागतो. टाकी भरते. उशिरा भरते, पण भरते. व्हझूलचे आश्वासन अधिकृतरीत्या खोटे ठरून आता शंभराहून अधिक वर्षे झाली आहेत.

११.
आता मुंबईकडे येऊ. इतिहासप्रेमींना एक नाव ओळखीचे असेल : हॅरी आर्बुथनॉट अ‍ॅक्वर्थ. शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्यासह पोवाड्यांचा पहिला मोठा संग्रह १८९१ साली छापणारा हाच इंग्रज अधिकारी. अफझलखानवधाचा अज्ञानदासाचा पोवाडा आणि सिंहगडाचा तुळशीदासाचा पोवाडा अभ्यासकांच्या हाती आले त्यात या संग्रहाचा वाटा मोठा आहे. हेच अ‍ॅक्वर्थ मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर होते. रस्त्यांवर भटकणाऱ्या निराधार कुष्ठरुग्णांसाठी त्यांच्या पुढाकाराने १८९० साली माटुंग्यात आश्रम उघडला. वडाळ्याचे अ‍ॅक्वर्थ कुष्ठरोग रुग्णालय ते हेच.

१२.
सेप्टिक टँकच्या जागतिक इतिहासात या आश्रमाचे नाव येते. कॅमेरॉन यांचा प्रयोग अगदी ताजा असताना, १८९७ च्या सुमारास, माटुंग्याच्या आश्रमात मैल्याच्या टाक्यांवर वायू गोळा करण्याची सोय करण्यात आली. त्या वायूचा उपयोग इंजिन चालवण्यासाठी झाल्याची नोंद जैववायूच्या जवळपास प्रत्येक इतिहासात आढळते. मुंबईच्या ड्रेनेज खात्यातील अभियंता सी. सी. जेम्स यांनी पूर्वेकडील देशांतील मलनिस्सारणावर पुस्तके लिहिली. ज्यांना शहराने रस्त्यावरून उचलून दूर नेऊन ठेवले, त्यांच्या मैल्यावर त्या काळचे सर्वांत नवे तंत्र चालत होते. आज गोबर गॅस म्हटला की आपण खेडे डोळ्यांसमोर आणतो. त्याच्या सुरुवातीच्या पानांत माटुंगा आहे.

१३.
एक्झिटरमध्ये दिवे लावणारा आणि माटुंग्यात इंजिन ओढणारा वायू आणि पॅरिसच्या कामगारांचे 'शिसे', ही एकाच भट्टीची दोन अपत्ये आहेत. कुजण्यातून मुख्यतः मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड निघतात. सोबत थोडा हायड्रोजन सल्फाइड असतो. मिथेन पेटतो. हायड्रोजन सल्फाइड मारतो. त्याचा वास सडक्या अंड्यासारखा; पण प्रमाण वाढले की तो नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर करतो. आत उतरलेल्या माणसाला वास येईनासा होतो आणि धोका टळला असे वाटते. गाळ ढवळला की अडकलेला वायू एकदम सुटतो. काही श्वासांत शुद्ध जाते. त्याला वाचवायला दुसरा उतरतो आणि तोही कोसळतो.

१४.
टाकीच्या आत नेमके काय चालते, ते आता नीट पाहू. घरातून आलेले पाणी टाकीत सुमारे एक दिवस थांबते. थांबल्यामुळे त्याचे तीन थर पडतात. जड भाग तळाशी बसतो, तो गाळ. तेल, तूप, साबण असे हलके पदार्थ वर तरंगतात, ती साय. मधल्या थरात त्यामानाने निवळ पाणी असते आणि तेवढेच बाहेर जायला हवे. म्हणून दोन्ही तोंडांना टी-आकाराचे पाईप लावतात. येणारे पाणी थेट खाली उतरते, साय ढवळली जात नाही. जाणारे पाणी सायीच्या खालून आणि गाळाच्या वरून उचलले जाते. मुरासचे पाण्यात बुडवलेले पाईप ते हेच. १८६० पासून या गाभ्यात फारसा बदल झालेला नाही.

१५.
बाहेर पडणारे पाणी निवळ दिसते, स्वच्छ नसते. त्यात रोगजंतू असतात आणि विरघळलेली घाणही. उरलेले काम जमीन करते. शोषखड्ड्यातून पाणी मातीत झिरपते, मातीतील हवेवर जगणारे जीव त्यातील घाण खातात, आणि मातीचे कण जंतू अडवतात. म्हणून टाकी ही अर्धीच व्यवस्था आहे. दुसरा अर्धा भाग म्हणजे शोषखड्डा आणि त्याखालची माती. टाकी बांधून तिचे पाणी उघड्या गटारात सोडणे म्हणजे पेरणी करून कापणी विसरणे. आपल्या कितीतरी गावांत आणि शहरांच्या नव्या वस्त्यांत नेमके हेच होते.

१६.
आता स्वच्छतेच्या राजकारणाकडे वळू, कारण टाकी भारतात पोहोचली ती जातीच्या प्रश्नात. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात असलेल्या आप्पासाहेब पटवर्धनांनी संडास साफ करण्याचे काम मागितले. उच्चवर्णीय कैद्याला ते काम देता येत नाही, असे अधिकाऱ्यांचे उत्तर. आप्पासाहेबांनी अन्न कमी केले. ही बातमी येरवड्यात असलेल्या गांधीजींना कळली, आणि त्यांनी ३ डिसेंबर रोजी सहानुभूतीचे उपोषण सुरू केले. नियमाचा फेरविचार करण्याचे सरकारने मान्य केल्यावर ते थांबले. घाण उपसण्याचा हक्क मागण्यासाठी झालेले हे उपोषण आपल्या पाठ्यपुस्तकांत सहसा सापडत नाही.

१७.
पुढे कणकवलीच्या गोपुरी आश्रमात आप्पासाहेबांनी संडासाच्या रचनेवरच प्रयोग केले. माणसाच्या हाताला ताजा मैला लागू नये, त्याचे सोनखत व्हावे आणि ते शेतात जावे, ही त्यांची दिशा. त्यांच्या मांडणीतील एक गोष्ट महत्त्वाची होती : मैला नाहीसा होत नाही, त्याचे पुढे काहीतरी करावेच लागते, आणि ते काम सगळ्यांचे आहे. त्याच सुमारास, १९४९ साली, मुंबई सरकारने सफाई कामगारांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी वि. ना. बर्वे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. डोक्यावरून मैला वाहून नेण्याची पद्धत बंद व्हायला हवी, हे स्वतंत्र भारताने निदान कागदावर मान्य केले होते.

१८.
या पार्श्वभूमीवर सेप्टिक टँक मुक्तिदाता वाटला, यात नवल नाही. टोपली गेली. मागचे दार गेले. पहाटे येणारा माणूस दिसेनासा झाला. शहरभर गटारे घालायला पैसा आणि पाणी लागते. टाकी मात्र प्रत्येकजण आपापल्या अंगणात बांधू शकतो. २०११ च्या जनगणनेनुसार देशातील २२.२ टक्के कुटुंबांचे संडास सेप्टिक टँकला जोडलेले होते, तर नळगटारांना जोडलेले केवळ ११.९ टक्के. म्हणजे 'ड्रेनेज' या शब्दाने आपल्या डोळ्यांसमोर शहरी गटारांचे जाळे येत असले, तरी प्रत्यक्षात घराघराखाली असलेल्या टाक्याच जवळजवळ दुप्पट होत्या.

१९.
पण माणूस गेला नव्हता. रोज येणारा माणूस काही वर्षांनी एकदा येऊ लागला, एवढाच फरक. रोज टोपली उचलणे अपमानाचे होते. वर्षानुवर्षे साचलेल्या टाकीत उतरणे जिवावरचे झाले. कायद्याच्या नजरेतूनही हे काम बराच काळ निसटले. १९९३ च्या कायद्याचा रोख कोरड्या संडासांवर आणि हाताने मैला वाहण्यावर होता. टाकीत उतरणारा माणूस त्या व्याख्येत ठळकपणे आलाच नाही. 'आमच्याकडे आता टोपलीचे संडास नाहीत' असे म्हणून समाजाला हात झटकता आले. टाकीवर घातलेले काँक्रीटचे झाकण आपल्या विवेकावरही बसले होते.

२०.
२०१३ च्या कायद्याने ही त्रुटी दूर केली. संरक्षक साधनांशिवाय माणसाला गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये उतरवणे हा आता गुन्हा आहे. पहिल्याच वेळी दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. २७ मार्च २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने १९९३ पासूनच्या अशा प्रत्येक मृत्यूसाठी दहा लाख रुपये भरपाईचा आदेश दिला. २० ऑक्टोबर २०२३ रोजी ही रक्कम तीस लाख केली. हाल्लेचा प्रबंध १७८५ चा, हा निकाल २०२३ चा. मधल्या २३८ वर्षांत वायू बदलला नाही, आणि तो मारतो हे कुणाला नव्याने सांगण्याची गरजही नव्हती.

२१.
आता पुन्हा आमच्या खड्ड्याकडे. भारतीय मानक संस्थेचे सेप्टिक टँकसाठी एक मानक आहे : आयएस २४७०. त्याच्या १९८५ च्या आवृत्तीत टाकीच्या मापांचा तक्ता आहे. मी तो काकांना दाखवला. दहा माणसांसाठी लांबी २ मीटर, रुंदी ०.९ मीटर. खोलीच्या रकान्यापाशी मात्र तक्ता उलट प्रश्न विचारतो : टाकी किती वर्षांनी उपसणार? दरवर्षी उपसणार असाल, तर पाण्याची खोली १ मीटर पुरे. दोन वर्षांनी, तर १.४ मीटर. 'कधीच नाही' असा रकाना त्या तक्त्यात नाही. ऐतिहासिक साधन वाचताना त्यात काय नाही, हेही पाहावे, असे आम्हाला शिकवतात. इथे ते उपयोगी पडले.

२२.
मग गवंड्याच्या टाक्या खरोखर का भरत नाहीत? गूढ काही नव्हते. तो तळाला काँक्रीट घालत नसे आणि जांभ्याच्या भिंतींचे सांधे खालच्या भागात मोकळे सोडत असे. जांभा सच्छिद्र, पाणी मैल्यासकट आजूबाजूच्या जमिनीत निघून जाई. टाकी भरत नव्हती, कारण ती टाकी नव्हतीच. तो मोठा गळका खड्डा होता. आमची विहीर तिथून हाकेच्या अंतरावर आणि उताराच्या बाजूला. तिचेच पाणी आजीच्या हंड्यात येते. गवंड्याचा हेतू वाईट नव्हता. लोकांना उपसा नको असतो, आणि लोकांना जे हवे ते तो बांधून देतो. कधी न भरणाऱ्या टाकीची मागणी आपण करतो.

२३.
शेवटी आम्ही काय केले, ते थोडक्यात. कुणाला उपयोगी पडेल.
• टाकीचा तळ काँक्रीटचा, भिंती आतून बाहेरून प्लास्टर केलेल्या. वापरण्याआधी पाणी भरून ठेवून गळती पाहिली.
• क्षमता २००० लिटरांहून अधिक होत असल्याने मध्ये भिंत घातली. आत येण्याच्या तोंडापासून दोनतृतीयांश अंतरावर.
• दोन्ही तोंडांना टी-पाईप. बाहेर जाण्याचे तोंड आत येण्याच्या तोंडापेक्षा ५ सेंटिमीटर खाली.
• वायू जाण्यासाठी उभा पाईप, घराच्या छपरापेक्षा वर, तोंडाला जाळी.
• शोषखड्डा विहिरीपासून १८ मीटर, म्हणजे सुमारे साठ फुटांहून दूर, आणि उताराच्या दुसऱ्या अंगाला.
• छपराचे पावसाचे पाणी टाकीत सोडले नाही. कोकणातील एका पावसातच टाकीतील गाळ ढवळून शोषखड्ड्यात गेला असता.

२४.
या सगळ्यात सर्वांत मोलाचा प्रश्न त्या गवंड्यानेच विचारला. तक्ता पाहून तो म्हणाला, उपसायचीच आहे तर गाडी इथपर्यंत येणार कशी? घरामागची पाणंद बैलगाडीच्या रुंदीची. खेचणाऱ्या गाडीचा पाईप पोहोचला नाही, की मग बादली आणि माणूस, हे त्याने डोळ्यांनी पाहिलेले होते. म्हणून खणलेला खड्डा बुजवून टाकी रस्त्याच्या बाजूला घेतली आणि प्रत्येक कप्प्यावर उघडता येणारे झाकण ठेवले. माणसाने आत उतरायचे की नाही, हे उपशाच्या दिवशी ठरत नाही. जागा निवडतो त्या दिवशीच ठरून जाते. एवढी साधी गोष्ट मला पुस्तकांतून सुचली नव्हती.

२५.
आणखी एक प्रश्न उरतो : गाडी तो गाळ नेऊन ओतते कुठे? अनेक ठिकाणी याचे खरे उत्तर ओढा, नाला किंवा गावाबाहेरचे माळरान असे आहे. पण महाराष्ट्रातच दुसरे उत्तरही शोधले गेले आहे. वाई आणि सिन्नर या नगरपालिकांनी घरमालकाने बोलावण्याची वाट न पाहता, पाळीपाळीने दर तीन वर्षांनी प्रत्येक टाकी उपसण्याची पद्धत सुरू केली. गाळ प्रक्रिया केंद्रात जातो. टाकी तुंबल्यावर घाईघाईने मिळेल त्या माणसाला बोलावण्याची वेळ त्यामुळे येत नाही. टाकीतील मृत्यू पुष्कळदा अशा घाईतच झालेले आहेत.

२६.
मुरासच्या शोधाला मी कमी लेखत नाही. विजेशिवाय, यंत्राशिवाय, दोन पाईप पाण्यात बुडवून त्याने एक कष्टाचे काम सूक्ष्मजीवांवर सोपवले आणि ते त्यांनी दीडशे वर्षे निष्ठेने केले. चूक झाली ती 'स्वयंचलित' या शब्दात. त्या शब्दाने उरलेल्या कामाकडे पाठ फिरवण्याची मुभा दिली. पॅरिसचा कामगार, मुंबईचा हलालखोर आणि आजचा सफाई कामगार यांच्या वाट्याला ते उरलेले काम आले.

२७.
आज घरी एवढेच विचारा : आपली टाकी नेमकी कुठे आहे? तिला तळ आहे का? विहीर किती दूर? आणि ती शेवटची कधी उपसली, कुणी, कशाने? शेवटच्या प्रश्नावर घर बहुधा गप्प होईल. आमच्याकडेही तसेच झाले. मग आजी म्हणाली, जुन्या संडासाच्या वेळी एक माणूस यायचा. त्याचे नाव मात्र तिला आठवले नाही. नव्या टाकीच्या झाकणावर काकांनी ओल्या सिमेंटातच पुढच्या उपशाचे साल कोरून ठेवले आहे.

(धागा समाप्त)